नंबर लपवू नका

"तुला चष्मा कधी लागला रे?" गेल्या महिन्यात मेसमध्ये निदान वीस जणांनी विचारलं असेल. खरं उत्तर असं की चष्मा तीन वर्षांपासून आहे, दोन्ही डोळ्यांना मायनस दोन. फक्त तो बॅगेत असायचा. वर्गात पहिला बाक पकडायचा आणि बाहेर डोळे बारीक करून जग बघायचं, असं मस्त चाललं होतं.

मग वाकडच्या सर्व्हिस रोडवर ती रात्र आली. भूमकर चौकाकडून आम्ही दोघं बाइकवर होस्टेलला परतत होतो. समोरून राँग साइडने एक दिवा येताना दिसला. बाइक असणार, कडेने जाईल, असं समजून मी मधूनच चालवत राहिलो. दिवा जवळ आला आणि एकाचे दोन झाले. टेम्पो होता! मागचा मित्र ओरडला, मी हँडल वळवलं आणि आम्ही कडेच्या मुरुमात पडलो. त्याच्या हाताला सहा टाके पडले. मला साधं खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्या रात्री झोप येईना, म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. लेन्सचं सूत्र आपण सगळ्यांनी बारावीत घोकलंय. स्वतःच्या डोळ्याला लावून किती जणांनी बघितलं?

डोळ्याची ताकद साधारण ६० डायॉप्टर. त्यातली सुमारे दोन-तृतीयांश एकट्या कॉर्नियाच्या वक्र पृष्ठभागाची, कारण हवेतून आत शिरतानाच प्रकाश सगळ्यात जास्त वाकतो. आतलं भिंग उरलेलं काम करतं. या ताकदीच्या मानाने डोळा जरा लांब असला, की दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. तिथून किरण पुन्हा फाकतात आणि पडद्यावर बिंदूऐवजी चकती उमटते. हाच मायनस नंबर.

ही चकती किती मोठी? समरूप त्रिकोण मांडले तर सोपा गुणाकार निघतो. डोळ्याच्या बाहुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये, गुणिले नंबर, गुणिले वस्तूचं अंतर मीटरमध्ये. त्या अंतरावरचा एक बिंदू तेवढे मिलिमीटर पसरलेला दिसतो.

आता लायसन्सच्या अर्जाबरोबरचा नमुना १ आठवा. दिवसाच्या चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, असं त्यात विचारलेलं असतं. आपण न वाचताच 'होय' करतो. चारचाकीच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच. दिवसा बाहुली ३ मिलिमीटर धरा, नंबर फक्त मायनस एक: ३ × १ × २५ = ७५. म्हणजे एकेक बिंदू अख्ख्या अक्षराहून मोठा! 'माझा नंबर किरकोळ आहे' म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

रात्री तर बाहुली मोठी होते. ६ मिलिमीटर धरली तर माझा हिशोब: ६ × २ × १०० = १२००. शंभर मीटरवरचा प्रत्येक दिवा मला सव्वा मीटरभर पसरलेला दिसत होता. टेम्पोच्या दोन दिव्यांत साधारण तेवढंच अंतर असतं. दोन चकत्या एकमेकींना भिडल्या आणि मला 'बाइक' दिसली. नशीब वगैरे काही नाही, साधा गुणाकार होता.

डोळे बारीक केले की बरं का दिसतं, तेही यातच आहे. भोक लहान, चकती लहान. पुठ्ठ्याला सुईने मिलिमीटरभर भोक पाडा आणि एकेका डोळ्याने लांबची पाटी बघा. एकदम स्पष्ट झाली, तर बहुधा तुम्हाला नंबर आहे. पण डोळे किलकिले करून बाइक चालवणं हा काही उपाय नव्हे.

हेल्मेटमध्ये काड्या टोचतात, पावसात काचेवर थेंब येतात, फोटोत बरं दिसत नाही: ही सगळी कारणं मी स्वतः वापरून झालीत. टाक्यांपुढे एकही टिकलं नाही.

म्हणून रेक्टर सरांना एक विनंती. पार्किंगचं स्टिकर देताना आपण आरसी आणि लायसन्स बघता. त्याच वेळी गेटपाशी टेपने २५ मीटर मोजून चुन्याची रेघ मारा आणि समोर उभ्या गाडीची प्लेट वाचून घ्या. चष्मा लावून वाचता आली, तर स्टिकरवर 'चष्म्यासह' असं लिहा. खर्च शून्य, वेळ प्रत्येकी अर्धा मिनिट. डॉक्टरांच्या तपासणीची जागा ही रेघ घेणार नाही, पण कुणाला डॉक्टरांकडे जायलाच हवं, हे ती नक्की सांगेल. आणि स्टाफची वाहनंही याच गेटमधून आत येतात, तेव्हा पहिला नंबर आपलाच असला तर आम्हाला आनंद होईल!

आणि मित्रांनो, चष्मा बॅगेत ठेवून बाइकला किक मारताना एवढंच आठवा: नंबर आपला असतो, टाके मागे बसलेल्याला पडतात.