सामन्याचा भाव

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं टेनिसचे मोठे सामने आतां दिवाणखान्यांत बसून पाहिले जातात, आणि विम्बल्डनच्या दिवसांत आजोबा व नातवंडें यांचीं मतें जुळत नाहींत, हें आम्ही स्वानुभवानें जाणतों. हा वाद निरुपद्रवी असतो. परंतु कोण जिंकेल या प्रश्नाच्या जागीं कोणावर किती लावावे हा प्रश्न घरांत शिरला, म्हणजे तो वाद न राहतां व्यवहार होतो. आणि व्यवहार म्हटला कीं हिशेब पाहणें प्राप्त होतें. त्या हिशेबाविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्याला निमित्त असें झालें. आमचा एक जुना विद्यार्थी एके सायंकाळीं घरीं आला. गणितांत तो हुषार होता व आजही आहे. पिशवींतून एक जाड वही काढून तो म्हणाला, "गुरुजी, एवढा हिशेब तपासून द्याल का? चूक कोठें होते तें मला कळत नाहीं." वहींत टेनिसपटूंचीं नांवें, प्रत्येकाचे शेवटचे दहा सामने, मैदान मातीचें, हिरवळीचें कीं टणक, जय-पराजय, आणि शेजारीं पैजेचा भाव, अशीं सुरेख घरें आंखलेलीं होतीं. शेवटच्या घरांत गेलेले पैसे होते. त्यांची बेरीज सत्तर हजारांवर जात होती. आणि ते पैसे धाकट्या बहिणीच्या प्रवेशासाठीं काकांनीं आपल्या स्वाधीन केलेले होते, हें त्यानें खालीं मान घालून सांगितलें.

आम्हीं वही तपासली. गुणाकार-भागाकारांत एकही चूक नव्हती. चूक गृहीतांत होती.

प्रथम भाव म्हणजे काय तें पाहूं. समजा, एका खेळाडूवर रुपया लावल्यास, तो जिंकला असतां, दीड रुपया परत मिळतो, व दुसऱ्यावर दोन रुपये साठ पैसे. शंभरास दीडानें भागिलें असतां सुमारें ६७ येतात, व २.६० नें भागिलें असतां सुमारें ३८. म्हणजे पहिल्याच्या विजयाची शक्यता शेंकडा ६७ व दुसऱ्याच्या विजयाची ३८, असें तो भाव सांगतो. परंतु बेरीज १०५ होते! दोघांपैकीं एकच जिंकणार, मग शंभरावर हे पांच कोठून आले? ती दुकानदाराची दलाली होय. कोणीही जिंको, पैज लावणारांच्या समुदायानें हे पांच आधींच गमावलेले असतात. भाव ही भविष्यवाणी नव्हे. ती दुकानांतील वस्तूची किंमत आहे, आणि तींत नफा धरलेला आहे.

"पण गुरुजी, मी नुसता भाव पाहत नाहीं. अलीकडचा खेळ पाहतों, आणि भाव चुकलेला दिसेल तेथेंच लावतों," असें तो म्हणाला, आणि आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ त्यानें एक प्रसिद्ध उदाहरण दिलें.

११ सप्टेंबर २०१५ रोजीं न्यूयॉर्क येथें अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्य फेरींत सेरेना विल्यम्स व इटलीची रोबर्टा विन्ची यांची गांठ पडली. सेरेना जगांत पहिली, विन्ची त्रेचाळिसावी. पूर्वींचे चारही सामने सेरेनानें एकही सेट न गमावतां जिंकलेले. त्या वर्षींच्या ऑस्ट्रेलिया, पॅरिस व विम्बल्डन येथील तिन्ही स्पर्धा तिच्या पदरांत पडलेल्या, आणि चौथी मिळती तर १९८८ सालीं स्टेफी ग्राफनें केलेल्या पराक्रमाची पुनरावृत्ति होती. विन्चीवर एकास तीनशें असा भाव असल्याचें वर्तमानपत्रांनीं छापलें. आणि विन्ची २-६, ६-४, ६-४ अशी जिंकली!

"खुणा तर डोळ्यांसमोर होत्या," विद्यार्थी म्हणाला. तेंही खरें. पॅरिसला सेरेनास सातांपैकीं पांच सामन्यांत तिसऱ्या सेटपर्यंत झुंजावें लागलें होतें, विम्बल्डनला दोनदां, न्यूयॉर्कलाही उपांत्य फेरीपूर्वीं दोनदां. ऑगस्टांत टोरोंटो येथें बेन्चिच नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलीनें तिला हरविलेंही होतें.

आम्हीं त्याला विचारलें, "या स्पर्धांतले तीन सेटांचे सामने किती झाले?" "नऊ." "त्यांत सेरेना कितीदां हरली?" तो थांबला. "एकदांही नाहीं." "आणि तुझ्या वहींतल्या घरांप्रमाणें, त्या दिवशीं तूं कोणाचें नांव लिहिलें असतेंस?" त्या सामन्यापूर्वीं सेरेनाचे वर्षांतले विजय ५३ व पराजय २ होते. तो कांहीं बोलला नाहीं.

अलीकडचा खेळ हा असा साक्षीदार आहे, कीं ज्या पक्षानें बोलावावें त्याच्या बाजूनें तो बोलतो. विजय मोजले तर सेरेना, दमछाक मोजली तर विन्ची. आणि कोणतें मोजावयाचें होतें हें निकालानंतर कळतें. शिवाय जो खेळ आपण पाहतों तोच भाव ठरविणारेही पाहतात. एखाद्याचा गुडघा दुखावला ही बातमी आपणांस कळेपर्यंत ती भावांत मुरलेली असते. दहा सामन्यांचा पुरावा तरी केवढा? तीन साप्ताहिक चांचण्यांवरून वार्षिक परीक्षेचे गुण सांगण्याचा मोह आम्हांसही होई. निकालानें आमची अनेकदां फजिती केली आहे.

वनपर्वांतील नलोपाख्यानांत राजा ऋतुपर्ण रथांतून जातां जातां बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती तें सांगतो, आणि नल रथ थांबवून फळें मोजून पाहतो. संख्येचें व फाशांचें ज्ञान एकाच माणसाजवळ असावें, याचें वर्गांत मुलांना मोठें नवल वाटे. परंतु त्या झाडाच्या फळांची संख्या ठरलेली होती. मोजणी संपेपर्यंत ती पालटली नाहीं. खेळाडूचें शरीर व मन एका रात्रींत पालटतें. खुद्द विन्चीच दुसऱ्या दिवशीं अंतिम सामन्यांत पेनेटाकडून सरळ दोन सेटांत हरली.

पैशाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें केला. तो योग्यच आहे. पण हुषार मुलाच्या वहीपर्यंत कायद्याचा हात सहसा पोहोंचत नाहीं. तेथें घरच्या माणसांनींच पोहोंचावें लागतें. मूर्ख मुलगा दैवावर भरंवसा ठेवून चार रुपये हरतो व थांबतो. हुषार मुलास मात्र प्रत्येक हानि ही सुधारण्याजोगी चूक वाटते, म्हणून तो थांबत नाहीं.

"आतां काय करूं?" असें त्यानें विचारलें. काकांस आजच सांग, असें आम्ही म्हणालों. बराच वेळ बसून तो म्हणाला, "आपण बरोबर याल का?"

आम्ही गेलों. काकांनीं सर्व ऐकून घेतलें. त्यानें पुढें केलेली वही त्यांनीं उघडली नाहीं. त्यांनीं दोनच गोष्टी विचारल्या: किती गेले, आणि बहिणीची फी भरण्याची शेवटची तारीख कोणती.