मसुदा कोणाला दाखवला?

नोव्हेंबर २०२२च्या पीएचडी नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती काढली. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादीही बंद झाल्याचे जाहीर झाले. नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता विद्यापीठांवर, म्हणजे आपल्यावरच आहे. तरीही विभागात विद्यार्थ्याला विचारले जाते ते हेच : ‘पेपर किती झाले?’ पेपर छापायला जाण्याआधी कोणी वाचला, हे क्वचितच कोणी विचारते.

नवा संशोधक एकट्यानेच लिहितो. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांकडे निबंध गेला, तर तो कोणाच्याच नजरेखालून जात नाही. चर्चासत्रातही दहा मिनिटांचे सादरीकरण, प्रमाणपत्र, प्रमुख पाहुण्यांबरोबर फोटो. ओळखी वाढवणे म्हणजे एवढेच, असा त्याचा समज होतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३च्या निबंधात दाखवले, की नोकरीची खबर बहुधा जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून येते. जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. लेखनालाही हे लागू पडते, असे आम्हाला वाटते. एकाच मार्गदर्शकाचे विद्यार्थी एकच पुस्तके वाचतात आणि सगळ्यांच्या नजरेतून एकच चूक सुटते. दुसऱ्या विद्यापीठातला, शेजारच्या विषयातला वाचक ती पहिल्याच पानावर दाखवतो.

अशा वाचकाला लिहायचे कसे? ‘माझा पेपर पाहावा’ एवढ्यावर उत्तर येणे कठीण. ‘तुमच्या पाहणीत बचत गटांतल्या महिलांचे कर्ज घटलेले दिसते, माझ्या तालुक्यात ते वाढले, नमुना निवडीमुळे असे झाले असेल का?’ अशा प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह अभ्यासकाला आवरत नाही. आणि पत्र नामवंतांनाच पाठवावे असे नाही. आज प्रबंध लिहिणारा समवयस्कच पुढची तीस वर्षे आपला वाचक, समीक्षक आणि सहलेखक असणार आहे.

मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी मसुदा दाखवायलाच बिचकतात. त्यांची इंग्रजी दुरुस्त करण्याआधी युक्तिवाद मराठीत मांडून घ्यावा. तो पक्का असेल तर भाषा सुधारता येते. मार्गदर्शकांकडे आमची आणखी एक मागणी आहे. आपले नाकारले गेलेले निबंध, समीक्षकांच्या शेऱ्यांसकट, विद्यार्थ्यांना वाचायला द्या.