घर सोडावे कोणी?

बाप दारू पिऊन मुलाला पट्ट्याने फोडून काढतो, हे चाळीतील प्रत्येकाला ठाऊक असते. भिंती पातळच असतात. तरीही ‘घरचा मामला’ म्हणून दारे लावून घेतली जातात. मूल ही पित्याची मालमत्ता होय, ही सरंजामी समजूत कामगारवस्तीतही तितकीच मुरलेली आहे, हे स्वतःला पुरोगामी म्हणविणाऱ्यांनी कबूल केले पाहिजे.

कायद्याने ती केव्हाच नाकारली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार, ज्याच्याकडे मूल राहते त्यानेच त्याचा छळ केला, तर पोलीस, परिचारिका, डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ता, फार काय ते मूल स्वतःही बालकल्याण समितीपुढे जाऊ शकते. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला हजर करावे लागते. समितीची बैठक नसेल तर एखाद्या सदस्यापुढे. सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, अशी मुदतही घातलेली आहे.

परंतु या व्यवस्थेत मारणारा घरात राहतो आणि मार खाणारा बहुधा बालगृहात जातो. त्याची शाळा सुटते, धाकटी भावंडे त्याच पट्ट्याखाली मागे उरतात. मुले तोंड उघडत नाहीत, ती उगाच नव्हे. बापावर फौजदारी खटला भरता येतो, हे खरे; पण जामीन मिळाला की तो परततो त्याच खोलीत.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने याहून शहाणा मार्ग दाखविला आहे. हिंसाचारी पुरुषानेच घराबाहेर राहावे, असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. निकड असेल तर एकतर्फी. मात्र हा मार्ग ‘पीडित स्त्री’साठी आखलेला आहे. ज्या मुलाला आई नाही, वा जिची आई गप्प आहे, त्याने काय करावे? इंग्लंडमध्ये १९८९ च्या बालक कायद्यान्वये न्यायालय आठ दिवसांचा तातडीचा संरक्षण आदेश देते. १९९६ च्या कायद्याने त्यात भर घालून, मुलाऐवजी धोकादायक व्यक्तीलाच घराबाहेर काढण्याची सोय केली. घरातील दुसऱ्या कोणी मुलाला सांभाळण्यास संमती द्यावी, एवढी अट आहे. आपल्याकडे ती आजी वा आत्या सहज पुरी करील.

आईच्या मौनाचा विचार करताना अर्थकारण विसरून चालणार नाही. मारणारा हात पुष्कळदा मजुरी आणणाराही असतो. त्याला बाहेर काढले, तर शनिवारी चूल कशी पेटावी? म्हणून घराबाहेर राहण्याच्या आदेशासोबतच त्याच्या वेतनातून पोटगी कापण्याचा आदेश निघाला पाहिजे. बंगल्यांच्या भिंती जाड असल्याने असे कायदे गरिबांवरच चालतात, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरचा इलाज म्हणजे आदेशाची मुदत अल्प ठेवणे आणि बापाचे म्हणणे लगोलग ऐकून घेणे.

बाल न्याय अधिनियमात ही दुरुस्ती पक्षाने मागितली पाहिजे. तोवर, जेथे आईवरही हात उचलला जातो तेथे, शाखेच्या कार्यकर्त्याने २००५ च्या कायद्याचा आधार घ्यावा. संरक्षण अधिकाऱ्याला खबर देण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला आहे आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर कोणताही दावा लागत नाही.