द्राक्षाला परदेशाचे नियम, कांद्याला दिल्लीचे कुलूप

जागतिकीकरण लाभाचे की तोट्याचे, हा वाद 1991 पासून परिसंवादांत रंगत आला आहे. नाशिक जिल्ह्यात मात्र त्याचे उत्तर पिकागणिक बदलते. निफाड तालुक्यात बांधाच्या अलीकडे द्राक्षबाग आणि पलीकडे कांदा दिसतो. दोन्ही माल परदेशी जातो, पण दोघांचे नशीब निराळे आहे.

द्राक्षाने जागतिक बाजाराची शिस्त आत्मसात केली, तीही चटके सोसून. 2010 च्या हंगामात युरोपातील तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. वेलीची वाढ रोखण्यासाठी बागायतदार ते वापरत असत. आपल्याकडील तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हतेच. कंटेनर परदेशी बंदरांत अडकले आणि यादीतील उणिवेची किंमत कर्ज काढून बागा उभ्या करणाऱ्यांना मोजावी लागली. पुढे फवारणीची नोंदवही आणि प्रयोगशाळेचा अहवाल अंगवळणी पडले. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत तर 2022 मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये गुंतवले. परकीय भांडवल म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्याला फास, असे सांगणाऱ्यांनी याची दखल घ्यायला हवी. अर्थात, परावलंबन संपलेले नाही. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि 2024 च्या हंगामातील द्राक्षांना आफ्रिकेला वळसा घालून युरोप गाठावे लागले. प्रवास लांबला, भाडे वाढले आणि दूरच्या युद्धाची झळ दिंडोरी-निफाडच्या बागांना बसली.

कांद्याची अडचण परदेशात नसून दिल्लीत आहे. सप्टेंबर 2019 मध्ये निर्यातबंदी, सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंदी, ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क आणि त्याच वर्षी 8 डिसेंबरला पुन्हा बंदी! मे 2024 मध्ये ती उठली, परंतु टनामागे 550 डॉलर किमान निर्यात मूल्याची आणि शुल्काची अट घालूनच. 40 टक्के शुल्क लागू होताच जिल्ह्यातील बाजार समित्यांतील लिलाव बंद पडले होते. शहरांत भाव चढले की सरकार हादरते, हे समजण्याजोगे आहे. पण भाव कोसळून चाळीतला उन्हाळ कांदा मातीमोल होतो, तेव्हा तीच तत्परता दिसत नाही. शिवाय भारताचा भरवसा नाही असे दिसताच आखातातील आणि आग्नेय आशियातील ग्राहक पाकिस्तान-चीनकडे वळतो. गेलेला ग्राहक अधिसूचनेने परत येत नाही.

म्हणून नाशिकच्या कांदा उत्पादकाची तक्रार जागतिकीकरणाविरुद्ध नाही, ते अर्धवट मिळाल्याची आहे. खते, डिझेल, औषधे यांचे दर जगाच्या बाजाराशी जोडलेले. विक्रीचा दर मात्र महानगरांतील स्वयंपाकघराशी. 1 एप्रिल 2025 पासून निर्यातशुल्क पूर्णपणे हटवण्यात आले. पुढच्या भाववाढीत ते पुन्हा लावले जाणार नाही, अशी हमी मात्र त्या निर्णयाने दिलेली नाही.