एका वाक्याची शिक्षा

तुर्कस्तानच्या संसदेत १९९१ साली लेला झाना या कुर्द महिला सदस्याने तुर्की भाषेत शपथ घेतली आणि अखेरीस एक वाक्य कुर्दी भाषेत उच्चारले. वाक्य होते तुर्क व कुर्द यांच्या बंधुभावाचे! तरी सभागृहात गदारोळ झाला. १९९४ मध्ये फुटीर संघटनेच्या सदस्यत्वाचा ठपका ठेवून त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. खटला न्याय्य नव्हता, असा निर्वाळा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००१ साली दिला. सुटका मात्र २००४ मध्ये.

मराठीत कागद मागितला की संशयी नजर झेलणाऱ्या आम्हा सीमावासीयांना ही हकीकत परकी वाटत नाही. अर्थात तुरुंगवासाशी तिची तुलना करणे अप्रामाणिक ठरेल. आमच्या हाती मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगणारे घटनेचे ३५० अ कलम आहे. पण मराठी शाळांच्या पटावरून मुलांची नावे कोण काढून नेत आहे? आम्हीच ना?