शिडाच्या नौकेचा आग्रह

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ साली याच दिवशी भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर घाव घातला, त्याचे स्मरण दरवर्षी होते आणि ते झालेच पाहिजे. मात्र वर्षातील एका दिवसाच्या अभिमानावर सागरी राष्ट्र उभे राहत नाही, याची जाणीव ज्यांनी आयुष्यभर बाळगली आणि इतरांना करून दिली, त्यांत व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांचे नाव अग्रभागी आहे. १९४५ साली, देश परतंत्र असताना, ते नौदलात दाखल झाले आणि १९८३ साली नौदलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत न राहता त्यांनी फलटणजवळचे विंचुर्णी हे गाव निवडले. समुद्र तेथून घाटापलीकडे; पण समुद्राचा ध्यास काही सुटला नाही.

१९७१च्या युद्धात आवटी यांच्याकडे ‘आयएनएस कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व होते. कराचीच्या दैदीप्यमान यशामुळे पूर्वेकडील सागरी युद्धाची कथा आपल्याकडे काहीशी झाकोळून गेली आहे. ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडे गेलेले होते, तिचा वेग मर्यादित होता, तरीही तिच्यावरील विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार खिळखिळे केले. ‘कामोर्ता’सारख्या तुलनेने लहान नौकांनी सुरुंग आणि पाणबुड्या यांची टांगती तलवार असलेल्या पाण्यात गस्त घालून समुद्रमार्ग रोखून धरला. पूर्व पाकिस्तानातील सैन्याला बंगालच्या उपसागरातून निसटण्याची वाट उरली नाही. १६ डिसेंबर रोजी ढाक्यात ९३ हजारांनी शरणागती पत्करली, तिच्यामागे या नाकेबंदीचाही वाटा आहे. आवटी यांना वीरचक्र मिळाले ते या कामगिरीसाठी.

असा युद्धनायक निवृत्तीनंतर आपल्या पराक्रमाच्या कथा सांगत सन्मानाने जगला असता, तर कोणी बोट ठेवले नसते. आवटी यांनी मात्र एक वेगळाच, अनेकांना विक्षिप्त वाटणारा आग्रह धरला. तो म्हणजे शिडाच्या नौकेचा. क्षेपणास्त्रे, उपग्रह आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या यांच्या युगात वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेचे काय काम, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर नौकानयनाच्या व्यवहारातच सापडते. यंत्रावर चालणाऱ्या जहाजात खलाशी पोलादी भिंतींच्या आत असतो. समुद्र त्याला पडद्यावरील आकड्यांतून कळतो. शिडाच्या नौकेवर वाऱ्याची दिशा, लाटेची उंची, ढगाचा रंग हे सारे अंगावर घ्यावे लागते. दोर कधी ओढायचा, शीड कधी आखडायचे याचा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो आणि चुकला तर त्याची किंमतही तेथेच मोजावी लागते. ज्याला युद्धनौकेचे नेतृत्व करायचे आहे त्याने प्रथम समुद्राचा स्वभाव ओळखला पाहिजे, अशी आवटी यांची धारणा होती. अमेरिका, जर्मनी, इटली, पोर्तुगाल ही राष्ट्रे आजही शिडाची प्रशिक्षण जहाजे बाळगतात, ती हौस म्हणून नव्हेत. भारतीय नौदलाला ‘आयएनएस तरंगिणी’ हे असे जहाज १९९७ साली मिळाले. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेल्या या जहाजाने २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणाही पूर्ण केली. तिच्यामागे आवटी यांचा दीर्घकाळचा पाठपुरावा होता.

पण त्यांचे समाधान तेवढ्यावर झाले नाही. एका भारतीयाने, भारतात बांधलेल्या नौकेतून, एकट्याने आणि केवळ शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही त्यांची पुढची इच्छा. या आग्रहाला मुंबईशी निगडित असलेला एक विलक्षण संदर्भ आहे. जगात सर्वप्रथम एकट्याने, कोठेही न थांबता शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली ती ब्रिटनच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी. त्यांची ‘सुहैली’ ही सागवानी नौका बांधली गेली होती मुंबईत, येथल्या सुतारांच्या हातून! नौका आपली, लाकूड आपले, कारागीर आपले. खलाशी मात्र परका. याच मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले १८१७चे ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आज इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे. जहाज बांधण्याची विद्या या भूमीत कधीच नव्हती, असे म्हणण्याची सोय कोणालाच नाही.

मग उणीव कशाची होती? उत्तर सुखद नाही. ज्या समाजाने सिंधुबंदीला धर्माचे रूप दिले आणि परदेशगमन करणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यायला लावले, त्याने आपल्या हाताने आपल्याच पायात बेडी अडकवली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ज्या सात स्वदेशी बेड्या तोडण्याचे आवाहन केले, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. शिवछत्रपतींनी ही बेडी झुगारून आरमार उभे केले, १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. कान्होजी आंग्रे यांनी ते आरमार अशा पातळीवर नेले की, त्यांच्या हयातीत इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या संयुक्त मोहिमेलाही यश आले नाही. आणि पुढे? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्रे यांचे आरमार इंग्रजांनी जाळले, तेव्हा पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने उभे होते. तुळाजी सातारा आणि पुणे दरबाराला जुमानत नव्हते, हे कारण दिले जाते. ते खोटेही नाही. पण घरातील भांडण मिटवण्यासाठी घरचे आरमार परक्याकडून जाळून घेणे, ही चूक पानिपतापेक्षा कमी मानता येणार नाही. पानिपतानंतर दहा वर्षांत माधवराव पेशव्यांच्या काळात मराठे पुन्हा दिल्लीत पोहोचले. समुद्रावर मात्र ते बळ पुन्हा उभे राहिले नाही. आवटी यांच्या पुढाकाराने १९७८ साली मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, ती हा विस्मृतीत गेलेला इतिहास जिवंत ठेवण्यासाठीच.

प्रदक्षिणेची त्यांची योजना नौदलाने उचलून धरली आणि २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी स्वतःहून पुढे होऊन ती अंगावर घेतली. तोपर्यंत अशा प्रवासाचा अनुभव असलेला भारतीय कोणी नव्हता. दोंदे मार्गदर्शन घ्यायला गेले ते थेट नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ ही ५६ फुटांची नौका बांधली. अशी समुद्रगामी शिडाची नौका त्यांनीही पूर्वी कधी बांधली नव्हती. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबून, केप हॉर्नला वळसा घालून मे २०१० मध्ये परतले. पुढे त्याच नौकेतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि ३१ मार्च २०१३ रोजी, कोठेही न थांबता, मुंबईस आले. निवृत्तीनंतर तब्बल ३० वर्षांनी एका खलाशाची इच्छा पूर्ण झाली. सेवेत असताना जे हुकूम देऊन करून घेता आले नसते, ते केवळ पाठपुराव्याने झाले.

या साऱ्याला साहसाचे कौतुक एवढाच अर्थ आहे, असे मानणे घातक ठरेल. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला, स्फोटके उतरली आणि मुंबई हादरली. २००८ साली ‘कुबेर’ या मासेमारी नौकेचे अपहरण करून दहशतवादी याच समुद्रातून आले. दोन्ही वेळी पहारा अपुरा पडला हे खरे. पण ज्या किनाऱ्याकडे समाजच पाठ करून बसला आहे, त्याचा पहारा एकटे नौदल आणि तटरक्षक दल किती काळ करणार? नव्या मोजणीनुसार देशाचा किनारा ११ हजार किलोमीटरहून अधिक आहे. कोकणातील कोळी, भंडारी, गाबीत कुटुंबांतील मुलांना समुद्र जन्मजात ठाऊक असतो. पण ते ज्ञान शाळेत मोजले जात नाही आणि नौदलात अधिकारी होण्याची परीक्षा कशी द्यायची, हे त्यांना सांगणारे कोणी भेटत नाही. मध्यमवर्गीय घरांत तर मुलाने अभियंता होऊन परदेशी जावे ही आकांक्षा सर्वमान्य; त्याने नौदलाचा गणवेश चढवावा म्हणणारे आईबाप विरळाच.

‘तारिणी’ या गोव्यातच बांधलेल्या दुसऱ्या नौकेतून सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. त्यांची प्रमुख वर्तिका जोशी उत्तराखंडची, डोंगरातली. आणखी एक अधिकारी मणिपूरची. त्या गोव्यात उतरल्या तेव्हा आवटी हयात होते. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला, वयाच्या ९१व्या वर्षी, विंचुर्णी येथे त्यांनी अखेरचा श्वास घेतला. २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ पुन्हा निघाली, या वेळी दिलना आणि रूपा या दोघीच अधिकारी सुकाणूवर होत्या. २९ मे २०२५ रोजी त्या सुखरूप गोव्यात परतल्या.