मजबूत बाजू, कच्चे दुवे वगैरे

मार्च आला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर सगळेच तज्ज्ञ होतात. एका रकान्यात टीमच्या मजबूत बाजू, दुसऱ्यात कच्चे दुवे. झालं विश्लेषण! मला हे साफ अमान्य आहे.

व्हर्जिनियाचंच घ्या. २०१८ मध्ये ३१ विजय, २ पराभव, पहिलं मानांकन. बलस्थान काय, तर चिवट बचाव आणि संथ खेळ. आणि पहिल्याच सामन्यात सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने ७४-५४ असं धुतलं! हाफटाइमला २१-२१ होतं, नंतर ५३ पॉइंट खाल्ले. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच झालं नव्हतं. लगेच निदान झालं: संथ खेळ हाच रोग. मग २०१९ मध्ये तोच कोच टोनी बेनेट, तोच संथ खेळ, आणि थेट विजेतेपद. आता बोला!

अहो, संथ खेळात बॉल कमी वेळा हाती येतो. आघाडीवर असाल तर हेच शस्त्र, मागे पडलात तर हाच फास. गुण आणि दोष वेगळे नाहीतच, मग दोन रकाने कसले करता?

बाद पद्धतीत एकदा हरलं की घरी. म्हणून प्रश्न एकच विचारा: ही टीम दहा पॉइंटनी मागे पडली तर काय करेल? ज्यात याचं उत्तर नाही ते विश्लेषण नव्हे, नुसता बायोडेटा. लोड टेस्ट न करता रिलीज करण्यातलाच प्रकार.